सुनंदाच्या गाडीचा मेंदू

आमच्या घरात भित्रा माणूस एकच आहे, आणि स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची ताकद कोणाकडून वाढवून घ्यायची हे ठरवायचं काम त्यालाच देण्यात आलं.

मी विमा कंपनीत आहे. अपघाताचे दावे तपासतो. चेपलेली बॉनेटं, उलटे पडलेले टेम्पो, विजेच्या खांबाला मिठी मारून उभ्या असलेल्या मोटारी, यांचे फोटो दिवसभर माझ्या टेबलावर असतात. अशा माणसाला रस्ता ओलांडतानासुद्धा घाम फुटतो. लिफ्टचं दार उघडलं की मी आधी आत लिफ्ट आहे का ते पायाने चाचपून बघतो. (हसू नका. तसाही एक दावा येऊन गेलाय.)

आणि बायको मिळाली ती सुनंदा! ती निर्मळ गावची, केळीच्या वाडीत वाढलेली. ज्या वयात मी साताऱ्यात सायकलवरून पडायची प्रॅक्टिस करत होतो, त्या वयात ही केळीचे घड भरलेला टेम्पो वाडीतून मागे मागे घेत रस्त्यावर काढायची. आता ती लग्नाच्या स्टेजची फुलांची सजावट करते. धंदा जोरात आहे. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाला त्याची जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार काढून टाकायची होती, ती हिने घेतली. मला न विचारता घेतली असं मी म्हणणार नाही. विचारलं ना! म्हणाली, "अहो, लाल रंग चालेल ना?"

त्या गाडीत बसायचं म्हणजे पाटावर बसायचं. शेजारून रिक्षा गेली तर तिचं चाक आपल्या कानाशी. विरारला चंदनसारच्या आमच्या बिल्डिंगमधून निर्मळला माहेरी जायला निघालं की मी पट्टा आवळून, दाराचं हँडल धरून, डोळे मिटून बसायचो.

"अहो, झोपलात काय? पूल आला."

"पूल आला म्हणूनच मिटलेत!"

"इतकं काय घाबरायचं ते? मी आहे ना!"

ती आहे म्हणूनच तर. पण हे कोणाच्या तोंडावर बोलणार?

गाडीत दोष एकच होता. ती पळायला लागली की पळायची, पण हळू चालवली की बेडकासारखी उड्या मारायची आणि मध्येच बंद पडायची. एरवी सुनंदाला याचं काही वाटलं नसतं, कारण हळू चालवायचा प्रसंग ती येऊच देत नाही. पण तिच्या भावाच्या, प्रमोदच्या मुलीचं लग्न ठरलं. केतकीने साखरपुड्यातच सगळ्यांना सांगून टाकलं, "मी हॉलवर जाणार तर आत्याच्या लाल गाडीतूनच!" आणि माझ्या सासुरवाडची पद्धत अशी की नवरी घरून निघाली की गावाच्या वेशीपर्यंत बँडच्या मागून, वाजतगाजत, मुंगीच्या पावलाने जायचं.

"नवरीला घेऊन ही गाडी बँडच्या मागे उड्या मारत गेली तर?" सुनंदा म्हणाली. "काय शोभा होईल! सगळं गाव हसेल. आणि केतकीच्या मुंडावळ्या नाकात जातील ते वेगळंच."

मेकॅनिकने गाडी खालून वरून पाहिली आणि सांगितलं की यंत्रात काही खोट नाही, खोट मेंदूत आहे. आजकाल इंजिनाला एक छोटा संगणक असतो. पेट्रोल किती, हवा किती, ठिणगी कधी, सगळं तोच ठरवतो. त्याच्यातला मजकूर बदलला की गाडीचा स्वभाव बदलतो. हे काम करणाऱ्याला ट्यूनर म्हणतात.

"मग ट्यूनर तुम्हीच शोधा," सुनंदाने फर्मान काढलं. "तुम्हाला सगळं वाचायची सवय आहे. हिसके गेले पाहिजेत. आणि करतोच आहोत तर थोडी ताकदही वाढवून घेऊ!"

ताकद वाढवून! पण त्याच रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एक विचार मनात आला. संगणकातला मजकूर बदलून गाडीची ताकद वाढवता येते, तर मग कमीही करता येत असेल की! काम माझ्या हातात आहे. ट्यूनर मी निवडणार आहे. मी उठून बसलो.

"काय झालं?"

"काही नाही. पाणी."

शोध सुरू झाला. मोबाइलवर वाचलं तर एक डबी मिळते म्हणे, ती स्टिअरिंगखाली खोचायची की झालं. त्या डबीबद्दल एकाने लिहिलं होतं, "भन्नाट! पाठ सीटला चिकटली!" दुसऱ्याने त्याच डबीबद्दल लिहिलं होतं, "इंजिन बसलं." आणि तिसऱ्याने काहीच न लिहिता नुसते जोडलेले दोन हात टाकले होते. त्याचं पुढे काय झालं असेल या विचाराने माझं जेवण गेलं. डबी बाद.

मग प्रत्यक्ष माणसं गाठायला लागलो. नालासोपाऱ्याला एका गॅरेजात दंडावर विंचू गोंदवलेला तरुण भेटला. गाडीचा फोटो बघूनच तो नाचायला लागला.

"काका, एक नंबर गाडी! असं करू या, सायलेन्सरमधून आग काढू."

"आग?"

"हां ना! पाय काढला की फाट् फाट् आवाज, आणि मागून ज्वाला! फुल माहोल!"

मी त्याला माझा व्यवसाय सांगितला नाही. नुसता नमस्कार केला आणि रिक्षा पकडली.

वसईच्या दुसऱ्या दुकानात काचेचं ऑफिस होतं, एसी होता. तिथल्या साहेबाने विचारलं, "किती वाढवायचंय, सर?"

मी आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणालो, "कमी करायचंय."

"काय कमी करायचंय?"

"सगळंच. म्हणजे चाळीसच्या पुढे जाऊच नये, असं काही होतं का?"

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग आतल्या माणसाला हाक मारून म्हणाला, "अरे, इधर आ. अंकल को फिर से बोलने दे." दोघे हसले. त्यांचा चहावालाही हसला!

शेवटी राजोडीचे पास्कलभाऊ सापडले. जहाजावरून रिटायर झालेले, घराच्या पडवीत लॅपटॉप घेऊन हे काम करतात. मी गेलो तेव्हा ते स्टुलावर चढून पंख्याचा स्क्रू तपासत होते. "पडतात हो हे," म्हणाले. मला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपला माणूस भेटला!

"माझ्या हातून आजवर एकही इंजिन मेलेलं नाही," पास्कलभाऊ म्हणाले. "कारण मी कामंच फार कमी घेतो. भीती वाटते."

"चाळीसच्या वर जाणार नाही असं करता येईल?"

"येईल की! चांगलं आहे ते. हिसकेपण जातील." मग त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं. "पण बाईंना सांगितलंय ना?"

"सांगणार आहे."

ट्यूनर निवडला गेला. सुनंदाला मी सांगितलं की माणूस फार अनुभवी आहे, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

पास्कलभाऊंना वेळ मिळाला तो नेमका लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी. गाडी निर्मळला प्रमोदच्या अंगणात उभी होती. घरात पाहुण्यांची ही गर्दी! सुनंदा मागच्या पडवीत हारांच्या ढिगात बसलेली. पास्कलभाऊंनी प्लास्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप ठेवला, स्टिअरिंगखाली वायर जोडली, बॅटरीला चार्जर लावला, छातीवर क्रूसाची खूण केली आणि बटण दाबलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली.

"आता मेंदू अर्धा पुसलेला आहे," ते कुजबुजत्या आवाजात म्हणाले. "पट्टी पूर्ण होईपर्यंत किल्ली काढायची नाही. काही झालं तरी! मध्येच वीज गेली तर मेंदू मेला. कळलं?"

"कळलं."

"मी जरा हात धुऊन येतो. इथून हलू नका."

मी ड्रायव्हरच्या सीटवर पहारा देत बसलो. पट्टीवरून नजर काढली नाही. श्वासही जपून घेत होतो. आणि तेवढ्यात सासूबाई ताट घेऊन समोर उभ्या राहिल्या. ताटात नारळ, हळद-कुंकू, फुलं.

"जावईबापू, किल्ली द्या. नवरीच्या गाडीची किल्ली देवापुढं ठेवून आनायची असते. पुजारी वाट बघतायत, मग देऊळ बंद होईल."

"सासूबाई, थोड्या वेळाने चालेल का? इथे जरा काम चाललंय."

"देवाला थांबवायचं?" सासूबाईंचा आवाज चढला. "आजवर या घरातली एक नवरी किल्ली ठेवल्याबिगर निघाली नाही. आनि एकदा कोनीतरी विसरलं, तर गाडी खाडीच्या बांधावर पलटी झाली होती!"

पलटी! हा शब्द माझ्यासमोर उच्चारायचा नसतो. एका बाजूला पास्कलभाऊ, दुसऱ्या बाजूला देव, आणि देवाच्या बाजूने सासूबाई. पट्टीकडे बघितलं तर अगदी थोडी उरली होती, नखाएवढी. मी मनाशी म्हटलं, एवढंसं काय, देव सांभाळून घेईल. त्याच्यासाठीच तर नेतोय! आणि मी किल्ली फिरवली, काढली, ताटात ठेवली. वर प्रमोदची स्कूटर काढून सासूबाईंना देवळात घेऊनही गेलो. देवापुढे किल्ली ठेवून, डोळे मिटून, मनापासून मागणं मागितलं, "देवा, गाडीला काही होऊ देऊ नकोस."

परत आलो तर पास्कलभाऊ अंगणात जमिनीवर बसले होते. हातात जपमाळ.

"किल्ली कोणी काढली?" त्यांचा आवाज जेमतेम फुटत होता.

मी ताट पुढे केलं. त्यांनी हळद-कुंकू लावलेली किल्ली बघितली आणि डोळे मिटून घेतले.

किल्ली लावली, फिरवली. गाडीतून एक आवाज येईल तर शपथ! डॅशबोर्डवर मात्र जेवढे म्हणून दिवे होते तेवढे सगळे लागले. उद्या लग्न! केतकीने अख्ख्या नात्यात सांगून ठेवलंय! आणि पलीकडच्या पडवीत सुनंदा गाणं गुणगुणत हार ओवतेय.

बघता बघता अंगणात सल्लागार जमले. प्रमोद म्हणाला, "भावोजी, धक्का मारू या!" सगळ्या पाहुण्यांनी लाल गाडीला मांडवाभोवती पूर्ण एक प्रदक्षिणा घातली. काही उपयोग नाही. एक काका म्हणाले, "बॅटरी काढून परत लावा, मोबाइलला करतो तसं." तेही झालं. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "किल्ली देवाच्या पायाशीच ठेवली होतीत ना? का आपली कुठंही?"

"तिच्यात अजून जीव आहे," पास्कलभाऊ एकदम म्हणाले. "मेंदू बाहेर काढून घरी नेला, तर तिथे लिहिता येईल."

मग ती ॲल्युमिनियमची पेटी गाडीतून काढली. सासूबाईंच्या धुतलेल्या पंच्यात गुंडाळली, आणि प्रसूतिगृहातून बाळ आणावं तशी मांडीवर घेऊन मी पास्कलभाऊंच्या स्कूटरवर मागे बसलो. ते इतके हळू चालवत होते की राजोडीच्या रस्त्याला समुद्रावर निघालेले पर्यटक चालत चालत आमच्याशी गप्पा मारत होते. मला फार सुरक्षित वाटलं.

पडवीत त्यांनी पेटीला चार-पाच वायरी लावल्या आणि माझ्याकडे वळले. "मूळचा मजकूर माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. तो घालू, की तुमचा चाळीसवाला? मूळचा घातला तर गाडी पळेल, पण हिसके राहतील. तुमचा घातला तर हिसके जातील, पण..."

त्या 'पण'वर मी क्षणभर थांबलो, हे कबूल करतो. मग म्हणालो, "माझा."

संध्याकाळी पेटी गाडीत बसवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, मांजरासारखं गुरगुरायला लागलं. सुनंदा हातातला हार टाकून धावत आली, कान देऊन ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या नवऱ्याने एखादं काम हातात घेतलं ना, की असं चोख करतो!" मला खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य शेवटी ऐकायला मिळालं होतं. कोण तोंड उघडणार?

रविवारी मिरवणूक निघाली. पुढे बँड, मागे झेंडूने मढवलेली लाल गाडी, तिच्यात सुनंदा आणि केतकी, आणि त्यांच्या मागे स्कूटरवर हेल्मेट घालून मी. काय गाडी चालली हो! एक हिसका नाही, एक उडी नाही. म्हातारी माणसं मागे वळून मला शाबासकी देत होती. पण बँड रंगात आला, प्रमोद नाचायला लागला, मग त्याचे मेहुणे, मग केतकीचे ऑफिसातले मित्र. वेस काही येईना! भटजींचा फोन आला की मुहूर्त अगदी जवळ आलाय, मुलाकडचे खोळंबलेत, नवरी कुठे आहे?

"काही काळजी करू नका," सुनंदा खिडकीतून ओरडली. "बँड बाजूला घ्या! गाडी कुठली आहे बघा! आत्ता पोचवते!"

बँड बाजूला झाला. विरारच्या हॉलपर्यंत रस्ता मोकळा. सुनंदाने कचकन पाय दाबला. आणि गाडी, कशी सांगू, सभ्यपणे पुढे निघाली.

मागून मला सगळं दिसत होतं. एक केळीचा टेम्पो तिच्या पुढे निघून गेला. मग बँडवाल्यांचा टेम्पो गेला, त्यातल्या ढोलवाल्याने हात हलवला. मग शाळेची रिकामी बस. सुनंदा पाय आपटत होती, केतकी घड्याळ बघत होती, आणि मागे माझ्या स्कूटरचाही काटा चाळीसवर चिकटलेला. माझ्यामुळे पोरीचा मुहूर्त चुकणार होता! मी स्कूटर रेमटवली, त्यांच्या पुढे जाऊन (हो, मीसुद्धा पुढे गेलो!) हात आडवा केला.

"अहो, ही पळत का नाही?" सुनंदा काच खाली करून ओरडली.

"ती चाळीसच्या पुढे जात नाही."

"म्हणजे? कोणी सांगितलं?"

"मीच सांगितलं होतं. पास्कलभाऊंना." आता थांबता येत नव्हतं. "मला भीती वाटते, सुनंदा. तू गाडी घेऊन गेलीस की रोज वाटतं, उद्या माझ्या टेबलावर येणाऱ्या फोटोत ही लाल गाडी असेल."

सुनंदाने इंजिन बंद केलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं तिच्या. केतकीच्याही.

मग सुनंदाने डोळे पुसले आणि म्हणाली, "हे घरी बसून सांगायचं होतं. स्कूटर द्या."

"पण शालू..."

"स्कूटर द्या म्हणते ना!"

तिने पदर खोचला, केतकीने शालू सावरून मागे एका बाजूला बैठक मारली, आणि मुंडावळ्या वाऱ्यावर उडवत दोघी नाहीशा झाल्या. हेल्मेट मी धावत धावत केतकीला देत होतो, ते हातातच राहिलं.

मग ती स्पोर्ट्स कार मी चालवली. मोटारीचं लायसन्स आहे माझ्याकडे, वापरलेलं नाही एवढंच. हेल्मेट घालून, झेंडूच्या माळांमधून रस्ता बघत, एकटाच निघालो. दोन ठिकाणी लोकांनी मला नवरदेव समजून गाडी थांबवली. एका आजीबाईंनी आत वाकून बघितलं आणि "आता ह्या वयात?" असं विचारलं. पण खरं सांगू? आयुष्यात पहिल्यांदा मला गाडीत भीती वाटली नाही.

हॉलवर पोचलो तेव्हा मंगलाष्टकं झाली होती, पंगत उठत होती. मुहूर्त साधला होता. जो तो नवरीची स्कूटर एंट्री मोबाइलवर दाखवत फिरत होता. सासूबाई म्हणाल्या, "बघा, किल्ली देवापुढं ठेवली म्हनून पोर येळेत पोचली!" सुनंदाने माझ्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं, त्यावरून मी काय समजायचं ते समजलो.

पास्कलभाऊंनी मूळचा मजकूर परत घालायची तयारी दाखवली, पण सुनंदाने नको म्हटलं. "राहू दे. ती त्यांना मानवलीय." आणि स्वतःला नवीन स्कूटर घेतली. त्यामुळे माझी भीती जशीच्या तशी आहे, फक्त चाकं दोनने कमी झाली आहेत.

परवा केतकी माहेरपणाला आली, तिला भेटायला निर्मळला जायचं होतं. मी ऐटीत गाडीचं दार उघडून म्हटलं, "चल, बस. मी नेतो."

सुनंदा एक पाऊल मागे सरली. "नको बाई! तुमच्या शेजारी बसायची मला भीती वाटते. मागून कोणीतरी येऊन आदळायचं!"

ती स्कूटरने गेली, मी गाडीने. वाटेत तिने मला दोनदा ओव्हरटेक केलं. एकदा जाताना, आणि एकदा घरी विसरलेली साडी घेऊन परत येताना.